भाताचे मूळ बघा, मग खताचे पोते फोडा

बेळगाव आणि खानापूर भागात भाताला युरिया टाकायचा की नाही, हे बहुतेक ठिकाणी बांधावरून ठरते. पीक पिवळट दिसले की पोते फोडायचे, हिरवे दिसले की थांबायचे. शेजाऱ्याने टाकला की आपणही टाकायचा. या पद्धतीत पिकाचा अर्धा भाग कोणी बघतच नाही, कारण तो चिखलात असतो. खताने भात नुसता वाढतो असे नाही. वर पाने-फुटवे किती आणि खाली मुळे किती, ही वाटणीच खताने बदलते. ती एकदा कळली की कोणते खत, कधी आणि किती, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून आधी वाटणीचे गणित सांगतो आणि मग तरव्यापासून (लावणीच्या रोपांपासून) काढणीपर्यंतची कामे क्रमाने घेतो.

वाटणी कशी होते

साखर तयार होते पानात. पाणी आणि अन्नद्रव्ये आणतात मुळे. जे कमी पडते ते मिळवणाऱ्या भागाकडे झाड जास्त साखर पाठवते. जमिनीत नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळते ते) कमी असेल तर पानांची वाढ आधी मंदावते, साखर शिल्लक पडते आणि ती मुळांकडे जाते. मग मुळे लांबतात, नत्र शोधत खाली आणि आडवी पसरतात. झाड एकूण लहानच राहते, पण त्यात मुळांचा हिस्सा वाढलेला असतो. उलट नत्र भरपूर असेल तर साखर नवी पाने आणि फुटवे खाऊन टाकतात. मुळे वाढतात, पण पाल्याच्या मानाने मागे पडतात आणि वरच्या थरातच राहतात. इंद्रायणी किंवा बासमती ऑक्टोबरच्या वाऱ्यात आडवी पडते त्यामागचे एक मोठे कारण हेच: वर बोजा जास्त, खाली आधार कमी.

स्फुरद (फॉस्फरस) कमी पडले तरी मुळांचा हिस्सा वाढतो, पण वर दिसणारे चित्र फसवे असते. पाने पिवळी पडत नाहीत. उलट काळपट हिरवी, अरुंद आणि ताठ राहतात. फक्त फुटवे येत नाहीत. स्फुरदाची टंचाई झाली की भाताची मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे संप्रेरक जास्त तयार करतात. ते वर जाऊन फुटव्यांचे डोळे दाबून ठेवते. म्हणजे फुटवे कमी करण्याचा निर्णय झाड मुळातूनच घेते. अशा गर्द हिरव्या शेताला युरियाची गरज नाही असे समजून माणूस निर्धास्त राहतो आणि महिनाभराने ठोंबात (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यात) चार-पाचच फुटवे मोजतो.

पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम यांचे वागणे अगदी उलटे. पानातली साखर नळ्यांतून मुळाकडे न्यायला ही दोन्ही लागतात. ती कमी पडली की साखर पानातच अडकते आणि मुळे उपाशी राहतात. नत्र-स्फुरदाच्या टंचाईत मूळ निदान धडपड करते, पालाशाच्या टंचाईत धडपडायलाही बळ उरत नाही. आपल्याकडे पोटॅश, म्हणजे पालाशाचे खत, हे पैसे उरले तर टाकायचे खत मानतात. माझ्या मते या भागातल्या भातशेतीतली सर्वात महागडी बचत हीच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. भातात मुळे आणि फुटवे एकाच पेऱ्यावरून निघतात. मुख्य काडीवर पाचवे पान बाहेर पडते त्या सुमारास दुसऱ्या पेऱ्यावर फुटवा आणि मुळे फुटत असतात, सहावे पान येताना तिसऱ्यावर. म्हणजे फुटवा बुडाला तर त्याच्याबरोबरची मुळेही बुडाली. लागणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे हातचे गेले तर नंतर कितीही खत ओता, ती मुळे परत येत नाहीत.

आधी आपली जमीन आणि पद्धत ओळखा

येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ शिवारातली काळी जमीन आणि जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी जांभा माती यांना एकच खत-वेळापत्रक लावून चालत नाही. जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. पाणी साचून चिखल झाला, हवा संपली की लोह विरघळते आणि धरलेले स्फुरद काही प्रमाणात सुटते. म्हणून रोप लावलेल्या भाताला चिखलातच बरेच स्फुरद मिळते. धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे कोरड्या जमिनीत थेट पेरलेल्या, भाताला मात्र पहिले तीन-चार आठवडे कोरड्या, हवेशीर जमिनीत काढावे लागतात आणि तेव्हा स्फुरद बांधलेलेच असते. कुरीने पेरणी करत असाल तर स्फुरदाचे खत बियाच्या ओळीत, बियापासून दोन बोटे खाली किंवा बाजूला पडले पाहिजे. फोकून टाकलेल्या डीएपीपर्यंत (नत्र-स्फुरदाच्या खतापर्यंत) कोवळे मूळ पोचत नाही.

धूळवाफेत दुसरा धोका युरियाचा. पेरतानाच जास्त युरिया दिला तर हवेशीर जमिनीत त्याचे नायट्रेट होते. मग मृगाच्या मागून आर्द्राचा पाऊस कोसळला, शेत तुंबले की त्या नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो किंवा ते पाण्याबरोबर वाहून जाते. पेरणीवेळी नत्र अगदी थोडे द्या. डीएपीतून जाते तेवढे पुरते. पहिला खरा हप्ता उगवणीनंतर तीन आठवड्यांनी, कोळपणी-भांगलण झाल्यावर द्या.

माती परीक्षणाचा कागद

पेरणीआधी, उन्हाळ्यात शेत मोकळे असताना माती घ्या. एका शेतातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वरच्या वीतभर थराची कड खरवडा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो नमुना रयत संपर्क केंद्रात द्या. उकिरड्याची जागा, बांधाची कड आणि झाडाखालची जागा टाळा.

अहवाल कानडीत येतो आणि तो बाजूला ठेवला जातो, हे आपल्या गावांत नेहमी घडते. त्यातले मोजके शब्द ओळखले की काम होते. सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, पोट्याश तर ओळखीचेच, सतु म्हणजे जस्त, कब्बिण म्हणजे लोह. कडिमे म्हणजे कमी आणि हेच्चु म्हणजे जास्त. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली असेल तर कमी धरतात. जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.6 भागाच्या) खाली असेल तर जस्त द्यावेच लागते.

तरवा

तरव्याला भरमसाट युरिया देऊन तो लवकर उंच करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. उंच, लुसलुशीत, आखूड मुळांचा तरवा लावला की आठ-दहा दिवस मान टाकून बसतो. गादी वाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत आणि दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. राखेतून सिलिका आणि थोडे पालाश मिळते, माती भुसभुशीत राहते आणि उपटताना मुळे तुटत नाहीत. 21 ते 25 दिवसांचा, चार-पाच पानांचा तरवा लावा. उपटण्याआधी वाफ्याला भरपूर पाणी द्या. जुडी चिखल झाडायला पायावर आपटू नका, पाण्यात हलवून धुवा. इथे तुटलेले प्रत्येक मूळ शेतात पुन्हा उभे करायला साखर लागते आणि तेवढे दिवस फुटवे थांबतात.

पायाखत आणि पोत्यांचा हिशेब

खताची शिफारस किलोत असते आणि आपण पोत्यांत बोलतो, इथेच घोळ होतो. युरियाचे पोते आता 45 किलोचे, त्यात 46 टक्के नत्र म्हणजे साधारण 21 किलो. डीएपीचे पोते 50 किलोचे, त्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोंत 30 किलो पालाश.

समजा एकरी 40 किलो नत्र, 20 स्फुरद, 20 पालाश द्यायचे ठरले. हा केवळ हिशेबाचा नमुना आहे, आपला आकडा माती परीक्षण आणि वाणावरून ठरवा. 20 किलो स्फुरदासाठी साडेत्रेचाळीस किलो डीएपी लागते. त्यातून आठेक किलो नत्र येते. उरलेल्या 32 किलो नत्रासाठी 70 किलो युरिया. पालाशासाठी 33 किलो पोटॅश. गुंठ्याचा हिशेब काढायला या आकड्यांना 40 ने भागा. उंच वाढणाऱ्या बासमतीला नत्राचा आकडा बराच खाली ठेवा. तिला बुटक्या वाणाएवढे नत्र दिले तर सुवासिक भात नव्हे, लोळलेले पिंजर (पेंढा) हाती येते.

चिखलणीच्या शेवटच्या फेरीत सगळे डीएपी, निम्मे पोटॅश आणि फार तर चौथा हिस्सा युरिया चिखलात कालवा. वर शिंपडू नका. साचलेल्या पाण्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत जातो, शेवाळ असेल तर आणखी लवकर. चिखलात गाडलेला अमोनियम मात्र मातीला धरून राहतो आणि भाताला तेच रूप मानवते. मुळांचेही हित त्यातच आहे: खत जिथे असते तिथे बारीक तंतुमुळांचे जाळे दाटते, म्हणून खत खोल तर मूळ खोल.

हेच तत्त्व कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत पुरेपूर वापरले आहे. भाताच्या अवशेषांची राख तरव्याला, गिरीपुष्पाचा पाला चिखलणीआधी, 15 आणि 25 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतराने दोरीवर लावणी, आणि लावणी झाल्यावर चार ठोंबांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटीमीटर खोल. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत. मजुरी जास्त लागते हे खरे. पण खानापूरच्या पश्चिम भागात जिथे फोकलेले खत पहिल्याच झडीत ओढ्याला लागते, तिथे निदान एखाद्या खाचरात ही पद्धत करून बघावीच.

जस्त कमी असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, डीएपीत मिसळून नाही. स्फुरद जास्त झाले की मुळांना जस्त उचलणे जड जाते.

मूळ कसे बघायचे

हे सगळ्यात महत्त्वाचे काम, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. लावणीनंतर साधारण 20 दिवसांनी, युरियाचा पुढचा हप्ता देण्याआधी करा. धूळवाफ भातात उगवणीनंतर महिन्याभराने.

शेतात एक चांगला, एक मध्यम आणि एक खुरटा, असे तीन ठोंब निवडा. हाताने ओढू नका, बारीक मुळे तुटून जमिनीतच राहतील आणि खोटे चित्र दिसेल. खोऱ्याने ठोंबाभोवती वीतभर अंतर सोडून चौकोनी ढेकूळच उचला. पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजत ठेवा, मग हळूहळू हलवून माती सुटू द्या. धुतलेला ठोंब पाणी घातलेल्या पांढऱ्या थाळीत पसरा.

आधी रंग बघा. नवी मुळे पांढरीशुभ्र असतात. जुन्या मुळांवर तांबूस-नारिंगी लेप असतो, आणि हा रोग नव्हे. भाताच्या मुळात आतून हवेच्या नळ्या असतात. पानांतून आलेला प्राणवायू त्यांतून खाली येतो, थोडा बाहेर झिरपतो आणि मुळाभोवतीच्या विरघळलेल्या लोहाचा गंज करून टाकतो. तो लेप हेच मुळाचे चिलखत. तांबूस मुळे, पांढरी टोके आणि मधूनमधून पूर्ण पांढरी नवी मुळे असतील तर ठोंब निरोगी. टोकेही काळी असतील, मुळे चिकट लागत असतील, थाळीतल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर जमिनीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू झाला आहे. अशा मुळांना खत देऊन उपयोग नाही. पाणी काढा, दोन-तीन दिवस जमीन उघडी ठेवा, बारीक भेगा पडू लागल्या की पुन्हा पाणी घ्या. पांढरी टोके दिसली की मग खत.

रंगानंतर लांबी आणि दाटी. लांब, विरळ, कमी फाटे असलेली मुळे आणि वर जुनी पाने टोकाकडून पिवळी: नत्र कमी. मुळे बरी लांब, फुटवे दोन-तीनच, पाने काळपट: स्फुरद कमी. मुळे आखूड, थोडी, निस्तेज आणि वर जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या: पालाश कमी. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजाचे डाग, कोवळ्या पानाची मधली शीर बुडाकडे फिकट, आणि शेतात ठिकठिकाणी खुरटलेले पट्टे: जस्त कमी. याला खैरा म्हणतात. उभ्या पिकात दर लिटर पाण्याला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा.

खानापूरच्या उताराच्या शेतांत आणखी एक गोष्ट तपासा. डोंगराकडून झरा लागणाऱ्या खाचरात पाण्यावर तेलासारखा चमकता तवंग दिसतो. त्यात काडी फिरवा. तवंग तुकडे-तुकडे होऊन फुटला तर ते लोह आहे, तेल असते तर ते लगेच पुन्हा जुळले असते. अशा जागी खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात आणि मुळे जाड, गडद तपकिरी लेपाने माखतात. इथे लोहाचा अतिरेक असतो, आणि पालाश, स्फुरद, जस्त कमी असेल तर मुळांची लोह थोपवण्याची ताकद आणखी घटते. वरच्या अंगाला चर काढून झऱ्याचे पाणी वळवा, खाचर मधूनमधून वाळवा आणि पोटॅश पूर्ण द्या. युरियाने हे डाग जाणार नाहीत.

पुढचे हप्ते

उरलेल्या युरियाचे दोन हप्ते करा. एक फुटव्यांच्या वेळी, म्हणजे लावणीनंतर 20-25 दिवसांनी, मुळे बघून. दुसरा लोंबीचा अंकुर धरताना, आणि त्याच्यासोबत राहिलेले निम्मे पोटॅश. ही वेळ दिनदर्शिकेवरून ठरवू नका, काडी चिरून ठरवा. मुख्य काडी बुडाशी ब्लेडने उभी चिरली की वरच्या पेऱ्याच्या टोकाशी एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, पिसासारखा कोंब दिसतो. तो दिसला की हप्ता द्या. त्यापुढे साधारण महिनाभरात लोंबी बाहेर पडते.

द्यायचा की नाही हे पानांच्या रंगतक्त्यावरून (हिरव्या छटांना क्रमांक दिलेल्या पट्टीवरून) पडताळा. पूर्ण उघडलेल्या सर्वात वरच्या पानाचा मधला भाग तक्त्याशी लावा, अंगाच्या सावलीत, दर वेळी दिवसाच्या एकाच प्रहरी. दहा ठोंबांपैकी सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या क्रमांकापेक्षा फिकी असतील तरच युरिया. लावणीच्या बुटक्या वाणांना क्रमांक 4, बासमतीसारख्या सुवासिक वाणांना आणि पेरणीच्या भाताला 3.

युरिया देताना पाणी उतरवून चिखल उघडा करा, युरिया टाका, कोळपे फिरवा आणि एक-दोन दिवसांनी पाणी घ्या. तरणा-म्हातारा पाऊस जोरात असेल तर थांबा, चार दिवस उशिराने पिकाचे जेवढे नुकसान होईल त्याहून वाहून गेलेला युरिया महाग पडतो. लोंबी बाहेर पडल्यावर नवी मुळे फारशी येत नाहीत, सगळी साखर दाण्याकडे जाते. तेव्हाचा युरिया दाण्यापेक्षा करपा आणि तुडतुड्यांच्या जास्त उपयोगी पडतो.

बळ्ळारी नाल्याच्या काठची शेते पुरात बुडतात त्यांच्यासाठी वेगळे सांगायला हवे. पाणी ओसरल्याबरोबर युरिया टाकण्याची घाई करू नका. बुडालेल्या पिकाची मुळे गुदमरलेली असतात, त्यांना खत उचलता येत नाही. पानांवरचा गाळ धुवा, साचलेले पाणी काढा, आठवडाभर वाट बघा. एखादा ठोंब उचलून बुडाशी पांढरी मुळे दिसली की थोडा युरिया आणि पोटॅश एकत्र द्या.

आपल्या मातीची बादलीतली परीक्षा

आपली जमीन कशाला भुकेली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असेल तर लावणीच्याच वेळी पाच जुन्या बादल्या घ्या. बुडाला भोक नको. प्रत्येकीत शेतातली 10 किलो वाळलेली माती भरा, पाणी घालून चिखल करा आणि एकाच वाफ्यातली सारखी दोन रोपे लावा. पूर्ण खत म्हणजे 2.2 ग्रॅम युरिया, 3 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (नुसत्या स्फुरदासाठी) आणि 0.8 ग्रॅम पोटॅश. डीएपी इथे वापरायचे नाही, कारण त्यात नत्रही असते आणि वजाबाकी चुकते. एका बादलीला तिन्ही खते, एकीला युरिया सोडून, एकीला सुपर सोडून, एकीला पोटॅश सोडून, पाचवीला काहीच नाही. युरिया निम्मा सुरुवातीला आणि निम्मा 20 दिवसांनी. वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर होते. बादल्या उजेडात ठेवा, जोरदार पावसात आडोशाला घ्या, दोन बोटे पाणी कायम ठेवा.

45 दिवसांनी ठोंब धुवा, मुळे आणि पाला वेगळे कापा, उन्हात कडकडीत वाळवून वेगवेगळे तोला. मुळांच्या वजनाला पाल्याच्या वजनाने भागा. युरिया सोडलेल्या बादलीत पाला बराच कमी आणि भागाकार पूर्ण खताच्या बादलीपेक्षा मोठा येईल. सुपर सोडलेल्या बादलीचा पाला पूर्ण खताच्या बादलीएवढाच आला, तर जमिनीत स्फुरद पुरेसे आहे आणि डीएपीचा खर्च कमी करता येईल. पोटॅश सोडलेल्या बादलीत भागाकार लहान आला, मुळेच बसली, तर पुढच्या वर्षी पोटॅशला हात आखडता घेऊ नका. बादलीत मूळ कोंडलेले असते, त्यामुळे हे आकडे शेताच्या मात्रेसाठी वापरू नका. कोणते अन्नद्रव्य आधी कमी पडते एवढेच त्यांच्यावरून ठरवा.

काढणीनंतर

भाताने उचललेला बहुतेक पालाश दाण्यात नसतो, पिंजरात असतो. पिंजर गंजीला आणि तिथून गोठ्यात गेले की शेतातला पालाशही गेला. जनावरांना वैरण हवीच, पण गोठ्यातले शेण, मूत्र मुरलेला पालापाचोळा आणि उष्टे पिंजर त्याच शेतात परत आले पाहिजे. पिंजर विकणाऱ्याने पुढच्या वर्षीच्या पोटॅशचे पैसे त्यातूनच बाजूला काढावेत.

येळ्ळूरकडच्या काळ्या शिवारात भातामागून मसूर पेरतात. चिखलणीने वीतभर खाली घट्ट थर बसलेला असतो, म्हणून वाफसा येताच उथळ नांगरट करून ओल आहे तोवर पेरा. मसुराच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, त्याला युरिया लागत नाही. रायझोबियमची (गाठी करणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया आणि थोडे सुपर फॉस्फेट पुरे. मसूर काढताना झाडे मुळासकट उपटण्याऐवजी विळ्याने कापा, म्हणजे गाठी आणि मुळे जमिनीत राहतील आणि पुढच्या धूळवाफेच्या भाताला त्यातले नत्र मिळेल.